सदा, त्या लाल दिव्याची खरी गोष्ट

सदा, तू गेल्यापासून मी टॅक्सीत रेडिओ लावलेला नाही. लोकांना वाटतं, दुःख. तसं काही नाही. तू शेजारच्या सीटवर डोळे मिटून इंजिन ऐकत बसलायस असं मला सारखं वाटतं, आणि तू ऐकत असताना कुणी आवाज केलेला तुला कधी खपला नाही. परवा भर दुपारी परळचा पूल उतरताना इंजिन जरा वेगळं गुणगुणलं, तेव्हा मी डावीकडे मान वळवून विचारलंसुद्धा, "ऐकलंस?" मागच्या बाई म्हणाल्या, "काय?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही, माझ्या मेकॅनिकला." प्रभादेवी येईपर्यंत त्या दाराला चिकटून बसल्या. उतरताना पुढच्या रिकाम्या सीटकडे त्यांनी असं काही बघितलं, की मीही एकदा बघून घेतलं.

आता खरं सांगतो. मी फक्त मान वळवली होती. बोललो नव्हतो. पण बोललो असतो तर अगदी असंच झालं असतं, आणि तू म्हणाला असतास, "बाळ्या, पुरे."

वाढवून सांगायची माझी ही खोड तुझ्याइतकी कुणी सोसली नाही. एक गोष्ट तर मी वीस वर्षं तुझ्या तोंडावर वाढवून सांगत आलो आणि तू मांडी घालून ऐकत आलास. ती आज न वाढवता सांगून बघतो. जमेल असं नाही.

गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष सरत आलं होतं. भोंगे बंद पडल्यापासून लालबागच्या दुपारी फार लांब झाल्या होत्या. माणसं गॅलरीत उभी असायची आणि आपण कुठे बघतोय हे त्यांनाही ठाऊक नसायचं. चिमण्यांना धूर नाही, त्यामुळे आकाश इतकं स्वच्छ, की त्या स्वच्छपणाचीच भीती वाटावी. मला तो सगळा काळ आता पाण्याखालून बघितल्यासारखा दिसतो. सगळे हळू चालतायत, तोंडं हलतायत, आवाज येत नाही. तू मात्र स्पष्ट दिसतोस. गिरणीतला फिटर तू. आता आत घेणार नाहीत हे तू सगळ्यांच्या आधी ओळखलंस, त्याच गिरणीच्या भिंतीला बाहेरून ताडपत्री बांधलीस आणि मोटारी दुरुस्त करायला बसलास. भिंतीच्या त्या बाजूला तुझी यंत्रं गंजत होती आणि या बाजूला तू परक्यांच्या गाड्या चालत्या करत होतास.

आमचे अण्णा त्याच गिरणीत, कताई खात्यात, चात्यांना तेल घालायचे. सूत कातणाऱ्या हजारो चात्यांच्या रांगा. रोज सकाळी पहिल्या पाळीला लांब चोचीची कुप्पी घेऊन रांगेने चालायचं आणि एकेका चातीच्या बुडाशी चार थेंब सोडायचे. सव्वीस वर्षं माझ्या वडलांनी एवढंच केलं, आणि ते असं केलं, की त्यांच्या रांगेतली चाती कधी किंचाळली नाही. हे तेलवाले थोडं तेल घरीही आणायचे. शिवणयंत्राला, पंख्याला, बिजागऱ्यांना. आमच्या चाळीत एकही दार करकरत नसे. कोण कुणाच्या खोलीत शिरलं हे कळायला माणसाला स्वतः उठून बघावं लागे. लोक उठत.

संप झाला आणि अण्णा बोलायचे थांबले. कुणावर रागावले नाहीत. नुसते थांबले. पहिल्या पाळीच्या वेळी उठायचे, आंघोळ करायचे, टोपी घालायचे आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसायचे. गुडघ्यावर ठेवलेल्या त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप दाबला जायचा, सुटायचा, दाबला जायचा. कुप्पीचं बूड दाबायची सवय. मी त्या अंगठ्याकडे बघायचं टाळायचो. कामगार नाट्यस्पर्धेत मी खलनायक करायचो, डोळे वटारून भल्याभल्यांना गार करायचो; पण त्या अंगठ्यासमोर माझी नजर टिकत नसे.

घर माझ्या टॅक्सीवर चालत होतं. मामा गावी परतताना ती माझ्या हवाली करून गेला होता. पाच माणसं आणि एक इंजिन. त्या इंजिनाला काही झालं तर आमचंही बिऱ्हाड गावच्या एसटीत चढणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं.

आणि राणीच्या बागेच्या सिग्नलला तो दिवा लागला. समोरच्या काचेखाली, बोटाच्या पेराएवढा, लाल. तेलाचा दाब पडल्याची खूण. सिग्नल हिरवा झाला, मी रेस दिली, दिवा विझला. पुढच्या सिग्नलला उभा राहिलो, पुन्हा लागला. डोळा मारत होता मला. मी गाडी कशीबशी तुझ्या ताडपत्रीखाली आणली.

तू म्हणालास, "बंद कर आधी. ह्यो दिवो लागलो की इंजिनात लोखंडावर लोखंड घासता. मग ना तुझी टॅक्सी, ना तुझा नाटक."

त्यानंतरचे दिवस मला दिवस म्हणून आठवतच नाहीत. एकच लांबलचक दुपार आठवते. ताडपत्रीतून गाळून आलेला पिवळा उजेड, भिंतीवर झोपलेली मांजरं, आणि बॉनेटमध्ये वाकलेला तू. आधी तू तेल मोजायची पट्टी ओढून बघितलीस. तेल कमी नव्हतं. वरच्या खुणेच्याही जरा वरच होतं. तू पट्टी पुसलीस, परत घातलीस, परत बघितलीस. मग म्हणालास, दिवो खोटा बोलता की इंजिन खोटा बोलता, ता आधी बघूया. दिव्याला वर्दी देणारा स्विच काढलास आणि दुसऱ्या टॅक्सीचा बसवलास. दिवा लागायचा तो लागलाच. मग कुठल्याशा लॉरीचं दाब मोजायचं घड्याळ आणलंस, तांब्याची नळी जोडून इंजिनाला लावलंस, आणि आपण दोघं त्या काट्याकडे बघत बसलो. इंजिन थंड होतं तोवर काटा छान ताठ. तापलं, गाडी जागच्या जागी घुरघुरू लागली, तसा काटा पेंगुळल्या माणसाच्या मानेसारखा खाली आला.

दिवा खरं बोलत होता.

मग तू लांब डिसमिस घेतलास, टोक इंजिनावर टेकवलंस, मूठ कानाला लावलीस आणि डोळे मिटलेस. कुठे घासतंय, कुठे ठोकतंय, हे स्क्रू पिळायच्या त्या हत्यारातून ऐकायची ही गिरणीतली रीत. फुटपाथवरच्या माणसांनी आवाज खाली घेतले. पाववाल्याने घंटी धरून ठेवली. किती वेळ गेला कोण जाणे. तू ऐकत होतास आणि मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि मला वाटलं, आता हा असाच ऐकत राहावा, म्हणजे काही वाईट कळणारच नाही.

बेअरिंग वाजत नव्हतं. तू इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उतरवलास, जाळी धुतलीस, पंप उघडून दात न् दात तपासलेस. सगळं चांगलं. नवं तेल भरलंस. दिवा गेला. मी तुला खांद्यावर घ्यायचा बाकी होतो. आठ दिवसांनी, दादरला, दिवा परत हजर.

माझ्या गोष्टीत या जागी तू कपाळावर हात मारतोस, इंजिनाला कान लावायला जातोस आणि कान भाजून घेतोस. मग दिव्यालाच नारळ फोडतोस. हा भाग मी फार छान करायचो. चाळीच्या पूजेला, लग्नाच्या मांडवात, तुझ्या स्वतःच्या साखरपुड्याला. "एक दिवा पकडायला आमच्या सदाने महिना घालवला." माणसं पोट धरून हसायची. अण्णा सगळ्यांत जास्त. मला त्याचा अभिमान वाटायचा. संपात मुका झालेला माणूस माझ्या गोष्टीने हसतो, मग मी का थांबू?

खरं काय झालं होतं, तर त्या दुसऱ्या वेळी तू चेंबरचा नट उघडलास आणि पडणाऱ्या तेलाखाली बोट धरलंस. आठ दिवसांपूर्वी भरलेलं दाट तेल पाण्यासारखं सुटलं होतं. तेल पातळ झालं की दाब धरत नाही, हे तू मला तेव्हाच सांगितलंस. पेट्रोल गळून तेलात मिसळत असेल म्हणून तू बोट नाकाजवळ नेलंस. मग दोन बोटांत तेल चोळलंस, परत हुंगलंस, आणि वळून गिरणीच्या भिंतीकडे बघत राहिलास. मी विचारलं, काय रे. तू म्हणालास, "काय नाय."

माझ्या गोष्टीत इथे तू उभ्या उभ्या झोपतोस.

पुढचं तू मला कितीतरी वर्षांनी सांगितलंस. बोटाला पेट्रोलचा नाही, गिरणीतल्या चातीच्या तेलाचा वास आला होता. दुसऱ्या दिवशी उजाडताना तू दुधाच्या बाटल्या हातात घेऊन आमच्या चाळीसमोर उभा होतास. अण्णा टोपी घालून खाली उतरले. आजूबाजूला बघितलं नाही, चोरासारखे वागले नाहीत. कामाला चाललेल्या माणसासारखे आले. खाली उभ्या टॅक्सीचं बॉनेट उघडलं, तेलाचं झाकण फिरवून काढलं आणि कोटाच्या आतून ती लांब चोचीची कुप्पी बाहेर काढली. संपाआधी आणलेला चातीच्या पातळ तेलाचा डबा आमच्या माळ्यावर होता. त्यातलं तेल त्यांनी इंजिनात सोडलं. अंगठा दाबत, थांबत, दाबत. झाकण लावलं, कापसाच्या बोळ्याने कड पुसली, बॉनेटवर हात ठेवला आणि क्षणभर उभे राहिले.

ज्या यंत्रावर घर चालतं त्याला रोज सकाळी तेल मिळालंच पाहिजे. सव्वीस वर्षं हे पाळलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? चातीला जे रोज लागतं ते मोटारीला मारतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या परीने ते माझी टॅक्सी जपत होते, आणि दर सकाळी तिचा जीव थोडा थोडा घेत होते.

तू बाटल्या घेऊन गप्प परत गेलास.

मला सांगितलंस, पंप गेलेलो, दुसरो बसवलंय. मी म्हटलं, तूच तर पंप चांगला म्हणाला होतास. तू म्हणालास, "चुकलंय." तू, जो नटाचा आटा कानाने ओळखायचास, तो मान खाली घालून "चुकलंय" म्हणालास, आणि माझ्या गोष्टीला शेवट मिळाला. मी तो त्याच संध्याकाळी चाळीत करून दाखवला.

आणि त्याच आठवड्यात तू आमच्याकडे आलास. अण्णांच्या खुर्चीशी उकिडवा बसलास. मला वाटलं, विचारपूस करायला आलायस. तू म्हणालास, "अण्णांनू, माका तुमची मदत होयी." तुझ्याकडे गाड्या वाढल्यात, तेलाकडे बघायला जाणता माणूस नाही, तुमच्याइतका तेलातला दर्दी लालबागेत कोण आहे. फक्त एक गोष्ट, मोटारीचं तेल वेगळं. दाट. ते रोज घालायचं नसतं, रोज बघायचं असतं. ते मी दाखवतो.

अण्णांनी तुझ्याकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता?"

त्यांच्या तोंडून एवढे शब्द ऐकून आईने आत भांडं पाडलं.

सकाळी पहिल्या पाळीच्या वेळी टोपी घालून अण्णा गिरणीच्या भिंतीकडे चालायला लागले. फक्त आत जायचं नाही, बाहेर थांबायचं. गाडी तुझ्याकडून सुटण्याआधी अण्णा पट्टी ओढणार, उजेडात धरणार, दोन बोटांत तेल चोळणार, आणि मान हलवणार. टॅक्सीवाले त्या मान हलवण्यासाठी थांबायचे. तू तर कान पकडायचास, अण्णांनी बघितल्याशिवाय गाडी सोडूची नाय. किती वर्षं चाललं ते. भिंतीच्या आतलं छप्पर पडलं, चिमणी उतरवली, आणि बाहेर ताडपत्रीखाली अण्णा तेल बघत होते. मला ते स्वप्नासारखं वाटायचं, पण स्वप्न का पडलंय ते मला माहीत नव्हतं.

मला कळलं ते जुनी टॅक्सी मोडीत काढली त्या दिवशी. अण्णा गॅलरीतून तिला जाताना बघत होते. ती वळणावर दिसेनाशी झाली तसे म्हणाले, "मीच मारली असती तिला. सदाने वाचवली." आणि डबा, कुप्पी, सगळं सांगितलं. ताडपत्रीखाली पहिल्या दिवशी दाट तेल बोटावर घेतलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. तू त्यांना कधी एका शब्दाने विचारलं नाहीस. त्यांनी कधी कबूल केलं नाही. माझी गोष्ट चालू असताना तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायचात, आणि मला वाटायचं, माझ्या अभिनयाला.

मी तसाच तुझ्याकडे आलो. तुला आठवतं मी किती भांडलो. मला फसवलंस, मला मूर्ख बनवलंस, माझ्या बापाची गोष्ट माझ्यापासून लपवलीस. तू गाडीखाली होतास. बाहेर आलास, हात पुसलेस. गंभीर झालास की तुझी मालवणी सुटायची, तू पुस्तकातल्यासारखं बोलायचास.

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी म्हटलं, काही नाही. डबा उचलून टाकला असता. अण्णांना समजावलं असतं.

"तू त्याची गोष्ट केली असतीस, बाळ्या."

मी संतापलो. स्वतःच्या बापाची? त्या वेळच्या अण्णांची? कोण समजतोस मला? तू म्हणालास, केली असतीस. मी म्हटलं, नसती केली. तू म्हणालास, चहा पी. त्यावर आपण परत कधी नीट बोललो नाही, पण ते भांडण कधी संपलंही नाही. कुठल्याही कार्यात कुणी ती गोष्ट सांगायला सांगितली, की मी तुझ्याकडे बघायचो. तू मान हलवायचास, सांग. आणि मी तुझाच कान भाजायचो. अण्णा हसतायत तोवर गोष्ट तीच राहू दे, एवढं तू मला एकदा सांगितलं होतंस. अण्णा गेल्यावर मी ती सोडून दिली. तुला न विचारताच. मला वाटलं, मी तुझ्यावर उपकार केले.

तुझ्या बाराव्याला जेवणं झाली आणि गॅलरीत सतरंजीवर सगळे बसले. उन्हं कलली होती. समोर गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरची काच चमकत होती, तिचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर हलत होता, आणि कुणालाच उठावंसं वाटत नव्हतं. कुंदावहिनी म्हणाल्या, "भावजी, ती दिव्याची गोष्ट सांगा ना. हे फार हसायचे."

मी ठरवलं, आज खरी सांगायची. उभं राहायचं नाही, आवाज काढायचे नाहीत, भुवया उडवायच्या नाहीत. तू मूर्ख नव्हतास हे तुझ्या मुलांना कळायला हवं. मी बसूनच सुरुवात केली. पट्टी सांगितली, स्विच सांगितला, तापल्यावर पडणारा काटा सांगितला. तू बोटात तेल चोळलंस तिथे तुझ्या थोरल्याने मान वर केली. मग मी सकाळ सांगितली. समोर दूध घेऊन उभा असलेला तू. जिना उतरणारे अण्णा. टोपी. बॉनेट.

आणि सदा, मला कळायच्या आत मी उभा राहिलो होतो. खांदे अण्णांसारखे आत गेले होते, मान थोडी पुढे आली होती. उजवा हात वर गेला, अंगठा दाबला गेला, सुटला, दाबला गेला. अगदी हुबेहूब. सबंध गॅलरी हसली. प्रेमानेच हसली, वहिनी तर डोळे पुसत हसल्या. अण्णांना ओळखणारे सगळेच होते तिथे.

मी हात खाली घेतला, बसलो आणि राहिलेली गोष्ट हळू आवाजात संपवली. तेव्हापासून मी त्या उजव्या हाताने स्टिअरिंग धरतो आणि त्याच्याकडे बघतो. तुझं बरोबर होतं. तू दुधाच्या बाटल्या खाली ठेवून मला तेव्हाच सांगितलं असतंस, तर हा हात त्याच संध्याकाळी वर गेला असता, चाळ अशीच हसली असती, आणि समोरच्या खुर्चीत टोपी घालून अण्णा बसलेले असते.